सहा हिसके, सव्वीस प्रकरणं

26 डिसेंबर 1502. नाताळचा दुसरा दिवस. इटलीच्या रोमान्या प्रांतातल्या चेझेना गावचे लोक सकाळी चौकात आले, तर समोर रामिरो दे लॉर्काचं प्रेत. धडाचे दोन तुकडे केलेले, शेजारी एक लाकडी ठोकळा आणि रक्ताने माखलेला सुरा. रामिरो कोणी दरोडेखोर नव्हता. काही दिवसांपूर्वीपर्यंत अख्ख्या प्रांताचा कारभार तोच हाकत होता, आणि असा कडक की त्याचं नाव काढलं तरी लोकांना कापरं भरे. त्याला नेमलं होतं पोप अलेक्झांडर सहावा याच्या मुलाने, चेझारे बोर्जाने. कापलंही त्यानेच. (पोपला मुलगा कसा, असा प्रश्न पडलेल्या वाचकाने त्या काळच्या रोमकडे फार बारकाईने बघू नये.)

त्या सकाळी फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा वकील बोर्जाच्या मागोमाग चेझेनातच मुक्कामाला होता. वय 33, नाव निकोलो मॅकियाव्हेली. पेशवे दप्तरात ठिकठिकाणच्या वकिलांची पत्रं सापडतात, तशी याचीही शेकडो पत्रं टिकून आहेत. त्या दिवशी त्याने आपल्या सरकारला कळवलं ते थोडकं होतं. रामिरो मेला. कारण नक्की कोणालाच ठाऊक नाही. बोर्जाची मर्जी, दुसरं काय. आपण माणसं घडवतो तशी मोडूही शकतो, हे त्याला दाखवायचं असावं.

अकरा वर्षांनी हाच माणूस त्याच प्रेतापाशी परत आला, पण आता कागदावर. ‘द प्रिन्स’च्या सातव्या प्रकरणात तो सांगतो की रोमान्यात आधी छोटे छोटे सरदार प्रजेला लुटत होते, कायदा असा राहिलाच नव्हता. तिथे वचक बसवायला निर्दय माणूस लागणार होता, तो बोर्जाने नेमला. वचक बसला. त्याबरोबर लोकांच्या मनात संतापही साठला, आणि तो साठला रामिरोच्या नावावर. काम झाल्यावर बोर्जाने रामिरोच संपवला. सुव्यवस्था मालकाकडे राहिली, शिव्याशाप नोकराबरोबर गेले. चौकातले लोक ते दृश्य बघून सुखावले आणि हबकलेही, दोन्ही एकाच क्षणी.

क्रूरपणाचं नवल त्या काळच्या इटलीत कोणाला नव्हतं. थक्क करते ती नजर. घड्याळाचं झाकण उघडून कोणतं चाक कोणत्या चाकाला फिरवतं ते कोणी दाखवावं, तसा हा माणूस एक खून उघडून दाखवतो. आवाज चढवत नाही, छी-थू करत नाही, टाळ्याही वाजवत नाही.

या जेमतेम शंभर पानांच्या पुस्तकाची ख्याती अशी, की सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी याचा हा गुरुमंत्र. ते खोटं नाही. पण सलग वाचत गेलं की वेगळंच चित्र दिसू लागतं. पानोपानी भेटतात ती सत्ता गमावलेली माणसं. ज्याला पुस्तकाचा नायक म्हणावं तो बोर्जा स्वतः धुळीला मिळालेला. आणि लिहिणारा? लिहायला बसला तेव्हा त्याची नोकरी गेली होती, मानमरातब गेला होता, आणि खांदे दुखावलेले होते. सत्ता हातातून निसटते कशी, हे जवळून बघितलेल्या आणि अंगावर झेललेल्या माणसाचं हे पुस्तक आहे.

त्याचा जन्म 3 मे 1469 चा, फ्लॉरेन्सचा. वडील बेर्नार्दो वकिली शिकलेले, पैशाने बेताचे, पुस्तकांचे मात्र वेडे. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथातल्या स्थळनामांची सूची त्यांनी एका मुद्रकाला करून दिली आणि मेहनताना म्हणून तोच ग्रंथ पदरात पाडून घेतला. हा लिव्ही मुलाने जन्मभर सोडला नाही.

मॅकियाव्हेली सरकारी नोकरीत शिरला तोही एका पतनानंतर. साव्होनारोला नावाच्या धर्मोपदेशकाने काही वर्षं फ्लॉरेन्स शहर आपल्या प्रवचनांवर अक्षरशः झुलवलं होतं. 23 मे 1498 रोजी त्याच शहराने त्याला भर चौकात फासावर दिलं आणि प्रेत जाळलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या 29 व्या वर्षी, मॅकियाव्हेली प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या कचेरीचा प्रमुख झाला. पुढे पुस्तकात त्याने साव्होनारोलाचा हिशेब दोन-चार ओळींत मिटवला आहे. शस्त्र हाती असलेले प्रेषित टिकले, नुसत्या शब्दांवर विसंबलेले बुडाले. लोकांना एखादी गोष्ट पटवणं सोपं, पटलेल्या गोष्टीवर त्यांना कायम ठेवणं अवघड. विश्वास उडाला की सक्तीने विश्वास ठेवायला लावण्याची सोय हवी. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि मोशेपासून पुढे कितीतरी नावं आठवू लागतात.

चौदा वर्षं तो सरकारी कामावर धावत राहिला. मोठा राजदूत म्हणून त्याला पाठवत नसत, तेवढं घराणं नव्हतं आणि तेवढा पैसाही नव्हता. बोलणी लांबवणं, समोरच्याच्या मनात काय आहे ते हेरणं, रात्री मेणबत्तीपाशी अहवाल लिहिणं, ही त्याची कामं. 1499 मध्ये फोर्लीच्या कातेरीना स्फोर्झाने त्याला बोलण्यात गुंडाळलं. 1500 मध्ये फ्रान्सच्या बाराव्या लुईच्या दरबारात त्याला कळलं की आपल्या लाडक्या फ्लॉरेन्सला मोठ्या सत्ता मोजतसुद्धा नाहीत. 1502 च्या हिवाळ्यात इमोलाला तो बोर्जासमोर बसला. बोर्जाचा लष्करी अभियंता म्हणून त्या वर्षी लिओनार्दो दा व्हिन्ची नेमलेला होता. त्याने काढलेला इमोलाचा नकाशा आजही आहे, आभाळातून खाली बघावं तसा. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत मॅकियाव्हेली नकाशा काढणाऱ्यांचाच दाखला देतो: डोंगर रेखाटायचा तर सपाटीवर उभं राहावं लागतं आणि सपाटी रेखाटायची तर डोंगरावर, म्हणून राजे कसे असतात ते रयतेतल्या माणसालाच नीट दिसतं. खालच्या खुर्चीवर बसून चौदा वर्षं वर बघितलेल्या माणसाने केलेला हा दावा आहे. विनयाचा मुलामा आहे खरा, पण आत भलताच आत्मविश्वास.

1512 मध्ये सगळं कोसळलं. भाडोत्री सैन्य कुचकामी असतं, शहराने आपलीच माणसं हत्यारबंद करावीत, हा त्याचा लाडका विचार. 1506 मध्ये त्याने खरोखरच ग्रामीण भागातून फौज उभी केली, 1509 मध्ये पिसा शहर शरण आलं तेव्हा तिने नावही कमावलं. पण ऑगस्ट 1512 मध्ये प्रातो गावाच्या तटापुढे मुरलेलं स्पॅनिश पायदळ आलं, आणि ही फौज पळाली. गाव लुटलं गेलं. फ्लॉरेन्सवर पूर्वी हुकूमत गाजवणारं मेदिची घराणं स्पॅनिशांच्या बळावर शहरात परतलं, प्रजासत्ताक संपलं. नोव्हेंबरात मॅकियाव्हेलीला काढून टाकलं, हजार सोन्याच्या फ्लोरिनचा जामीन भरायला लावला आणि वर्षभर राज्याबाहेर जायला बंदी केली.

फेब्रुवारी 1513 मध्ये मेदिचींविरुद्धचा एक कट उघडकीला आला. कटवाल्यांकडे संभाव्य साथीदारांची एक यादी सापडली, तिच्यात याचं नाव. कटात तो होता असा कुठलाच पुरावा पुढे आला नाही, पण तेव्हा चौकशीची रीत ठरलेली होती. हात पाठीमागे बांधायचे, दोर कप्पीवरून घ्यायचा, माणसाला वर ओढायचं आणि एकदम खाली सोडायचं. जमीन लागायच्या आत झटका बसतो आणि खांदे निखळतात. मॅकियाव्हेलीला असे सहा हिसके दिले. तो काही बोलला नाही. आपण हे इतक्या धीराने सोसलं याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं, असं नंतर त्याने मित्राला लिहिलं आहे. कोठडीतून त्याने जुलियानो दे मेदिचीला सुनीतं धाडली, भिंतीवरच्या उवांबद्दल विनोद करणारी. माणूस असा होता.

त्याला सोडवलं ते नशिबाने. त्याच महिन्यात पोप जुलियस दुसरा वारला आणि 11 मार्चला नवा पोप निवडून आला तो जोव्हान्नी दे मेदिची, लिओ दहावा. ज्या घराण्याने त्याला टांगलं, त्याच घराण्यातला माणूस पोप झाला म्हणून फ्लॉरेन्सने आनंदोत्सव केला, कैदी सोडले, त्यांत हाही सुटला.

मग तो सांत आंद्रेआ या खेड्यातल्या वडिलोपार्जित शेतीवाडीवर जाऊन राहिला. तिथून त्याने 10 डिसेंबर 1513 रोजी रोममधल्या फ्रान्चेस्को व्हेत्तोरी या मित्राला लिहिलेलं पत्र युरोपातल्या सर्वांत प्रसिद्ध पत्रांपैकी एक मानतात. सकाळी लाकूडतोड्यांशी हुज्जत. मग ओढ्याकाठी दान्ते किंवा पेत्रार्क घेऊन वाचन. दुपारी खाणावळीत खाटीक, पिठाच्या गिरणीवाला आणि दोन भट्टीवाले यांच्याबरोबर जुगाराचे डाव, दमडीसाठी अशी भांडणं की आरडाओरडा पलीकडच्या गावात ऐकू जावा. आणि संध्याकाळी घरी आल्यावर चिखलाने भरलेले कपडे उतरवून तो दरबारी पोशाख चढवतो, अभ्यासाच्या खोलीत शिरतो आणि प्राचीन काळच्या थोरांना विचारतो, तुम्ही असं का केलंत? ते उत्तर देतात. चार तास त्याला ना कंटाळा, ना गरिबीची भीती, ना मरणाची. या गप्पांतून काय हाती लागलं ते टिपून आपण राज्यांविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं आहे, असं तो सहज कळवतो.

तेच हे पुस्तक. प्रकरणं 26, मथळे लॅटिनमध्ये, मजकूर मात्र फ्लॉरेन्सच्या रोजच्या बोलीतला. राजपुत्रांना उपदेश करणारे ग्रंथ तेव्हा पुष्कळ होते आणि सगळ्यांचा सूर एकच: राजाने दयाळू असावं, सत्यवचनी असावं, उदार असावं. मॅकियाव्हेली हा सूर लावतच नाही. तो आधी एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञासारखी वर्गवारी करतो. वारशाने आलेली राज्यं आणि नवी राज्यं. नव्यांत पूर्ण नवी आणि जुन्याला जोडलेली. स्वतःच्या बळावर मिळवलेली, दुसऱ्याच्या बळावर मिळवलेली, नशिबाने मिळालेली, गुन्ह्याने मिळालेली. वारशाच्या राज्यांना तो पाच मिनिटांत वाटेला लावतो, कारण तिथे काही कोडंच नाही. लोकांना सवय झालेली असते. त्याचं लक्ष नव्या राजावर. ज्याला सवयीचा आधार नाही, त्याच्याकडे बघितलं की सत्तेचे सांधे उघडे दिसतात.

एक कोडं मला फार आवडतं. जगज्जेत्या अलेक्झांडरने इराणच्या दरायसचं अफाट राज्य जिंकलं आणि लगेच तो मेला. राज्य नवं, राजा गेलेला, मग त्याच्या सरदारांविरुद्ध बंडं का झाली नाहीत? चौथ्या प्रकरणात उत्तर आहे. राज्यं दोन तऱ्हेची असतात. तुर्की सुलतानाच्या राज्यात एकच धनी, बाकी सगळे त्याचे चाकर. तो नेमेल त्याला अधिकार, काढेल त्याचा गेला. असं राज्य घेणं कठीण, कारण आतून दार उघडायला कोणी फितूर मिळत नाही. पण एकदा धन्याचं घराणं संपवलं की मागे भिण्याजोगं कोणी उरत नाही. फ्रान्स उलटा. तिथे पिढीजात सरदार, प्रत्येकाची आपली जमीन आणि आपली माणसं. कोणी ना कोणी रुसलेला असतोच, तो तुम्हाला आत घेतो. आत शिरणं सोपं, टिकणं महाकठीण, कारण तोच सरदार उद्या तुमच्यावर रुसणार आणि अशा किती जणांना तुम्ही मारणार? दरायसचं राज्य पहिल्या जातीचं होतं. जिंकायला सोपं ते राखायला अवघड, आणि उलट: इतका साधा नियम आधी कोणी इतका स्वच्छ मांडला असेल असं वाटत नाही.

मराठी वाचकाला इथे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण होणं साहजिक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी, मॅकियाव्हेलीची सावलीही न पडता लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. वतनदार हे राज्यातले छोटे छोटे राजेच, त्यांना नाराज करू नये आणि मोकळंही सोडू नये, ही अमात्यांची काळजी थेट फ्रान्सच्या सरदारांच्या प्रकरणाशेजारी ठेवता येते. गडकोटांवर मात्र दोघांचं पटलं नसतं. अमात्यांना किल्ला म्हणजे राज्याचा प्राण. मॅकियाव्हेली म्हणतो, ज्याला परक्यांपेक्षा आपल्याच रयतेची भीती जास्त त्याने किल्ले बांधावेत; खरा किल्ला म्हणजे लोकांनी तुमचा द्वेष न करणं. त्याच्यापुढे उदाहरण कातेरीनाचं होतं. 1488 मध्ये नवऱ्याचा खून झाल्यावर फोर्लीच्या गढीने तिला वाचवलं, कारण मदत येईपर्यंत तग धरता आला. बारा वर्षांनी बोर्जा चालून आला तेव्हा लोकही तिच्या विरोधात होते, आणि तीच गढी कामाला आली नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे मत पचणार नाही, आणि न पचण्यात त्याची चूक नाही. मैदानातल्या इटालियन शहरांचा आणि आपल्या डोंगरांचा न्याय एक नाही.

पंधराव्या प्रकरणापासून पुस्तक खरं पेट घेतं. माणसं कशी वागतात आणि कशी वागायला हवीत यात इतकं अंतर आहे, की पहिलं सोडून दुसऱ्याच्या मागे लागणारा स्वतःचा नाश ओढवून घेतो, असं तो बजावतो. मग एकेक सद्गुण हातात घेऊन उलटापालटा करून बघतो. उदारपणाच घ्या. उदार म्हणून नाव व्हायचं तर सढळ हाताने खर्च करावा लागतो. खजिना आटतो. मग कर वाढवावे लागतात. ज्यांना दिलं ते मूठभर, ज्यांच्याकडून काढलं ते असंख्य. म्हणजे उदारपणाने राजा बहुतेकांचा शत्रू होतो. पैसे जपणाऱ्याला आरंभी कंजूष म्हणतात. पण तो लोकांच्या खिशात हात घालत नाही, लढाई आली तरी भागवतो, आणि शेवटी उदार ठरतो तो हाच. अपवाद एक: लुटीचा पैसा. तो परक्यांचा, तो खुशाल उधळावा, नाहीतर शिपाई तुमच्यामागे येणार नाहीत. निवडणुकीच्या हंगामात हे सोळावं प्रकरण वाचून बघावं, मी एवढंच म्हणेन.

त्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण सतरावं. राजावर लोकांनी प्रेम करावं की त्याला भ्यावं? दोन्ही जमलं तर उत्तम, एकच निवडायचं तर भीती, कारण प्रेम त्यांच्या हातात आणि भीती तुमच्या हातात. लोक हे एवढंच लक्षात ठेवतात. पण प्रकरण इथे थांबत नाही. भीती चालेल, द्वेष चालणार नाही, असा तो आडवा बांध घालतो. आणि द्वेष कशाने येतो? रयतेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावल्याने. इथे तो असं काही लिहितो की वाचताना हसावं की दचकावं कळत नाही: माणूस बापाचं मरण लवकर विसरतो, वडिलोपार्जित मालमत्तेचं नुकसान विसरत नाही. भाऊबंदकीचे खटले तीन-तीन पिढ्या चालताना बघितलेल्या आपल्या वाचकाला हे पटवून द्यायची गरज नाही.

क्रूरपणाबद्दलही त्याचं म्हणणं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं की विकृत होतं. सिराक्यूजचा अगाथोक्लीस कुंभाराचा मुलगा. त्याने एका सकाळी शहराचे सगळे मातब्बर सभेला बोलावले आणि शिपायांकरवी मारून टाकले. मग राज्य निर्वेध केलं. मॅकियाव्हेली त्याचं यश मान्य करतो. जुलूम एकदाच, आरंभी, गरजेपुरते करून थांबवले तर राज्य टिकतं. थोडे थोडे करत वाढवत नेले तर बुडतं, कारण लोकांना रोज नवी धास्ती. पण पुढे तो ठामपणे म्हणतो की आपल्याच नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं याला थोरपण म्हणता येणार नाही. अशाने सत्ता मिळते, कीर्ती नाही. ज्याला सैतानाचा चेला म्हणतात, त्याच्या लेखणीतून हे उतरलं आहे. साध्यापुढे साधनाची पर्वा नको, हे त्याचं वचन म्हणून जगभर खपतं ते मात्र या पुस्तकात त्या शब्दांत कुठेच सापडत नाही.

आणि मग बोर्जा. नव्या राजाने काय करावं याचा नमुना म्हणून मॅकियाव्हेली त्याला उभा करतो. रामिरोच्या वधानंतर पाच दिवसांनी, 31 डिसेंबरला, त्याच्याविरुद्ध कट केलेल्या सरदारांना त्याने सेनिगालियाला समेटाच्या गोड बोलीने बोलावलं, धरलं आणि त्यांतल्या दोघांचा त्याच रात्री गळा आवळला. त्याच्या प्रत्येक हालचालीत आखणी होती. बाप म्हातारा आहे, तो गेला की पुढचा पोप वैरी निघू शकतो, हेही त्याने हिशेबात धरलं होतं. फक्त एक गोष्ट राहून गेली. ऑगस्ट 1503 मध्ये पोप अलेक्झांडर वारला तेव्हा बोर्जा स्वतःही त्याच तापाने मरणाच्या दारात होता. बाप मरेल तेव्हा आपणही आजारी असू, एवढंच सुचलं नव्हतं, असं त्याने पुढे मॅकियाव्हेलीला सांगितलं.

त्या शरद ऋतूत मॅकियाव्हेली रोममध्ये होता आणि बोर्जाची घसरण त्याने रोजच्या रोज बघितली. बोर्जा घराण्याने ज्या जुलियानो देल्ला रोव्हेरेला वर्षानुवर्षं परागंदा ठेवलं, त्यालाच पोप होऊ देण्यात बोर्जाने मदत केली, त्याच्या आश्वासनावर भिस्त ठेवून. तो पोप जुलियस दुसरा झाला आणि त्याने बोर्जाला अटक केली. 1507 मध्ये नावारच्या राज्यात एका चकमकीत बोर्जा मेला, वय 31. पुस्तकात मॅकियाव्हेली आधी म्हणतो की बोर्जाचा दोष काहीच नाही, नशीबच विपरीत. आणि चारच पानांनी म्हणतो की त्या पोपची निवड ही त्याची चूक, तीच त्याला घेऊन बुडाली. इथे लेखक स्वतःशीच भांडतो आहे. मला हे भांडण पुस्तकाचं वैगुण्य वाटत नाही. इतकं आखूनही माणूस का पडतो, हा प्रश्न त्याला खरोखर सुटलेला नव्हता.

पंचविसाव्या प्रकरणात तो या प्रश्नाला शेवटचा हात घालतो. आपल्या करणीतला अर्धा भाग नशीब ठरवतं, अर्धा किंवा थोडा कमी आपल्यासाठी सोडतं. नशीब म्हणजे पुराची नदी. चढली की झाडं, घरं, माती ओढून नेते, पण ओढ शांत असताना बांध घालता येतात. या उपमेमागे कचेरीतली एक आठवण असावी असं मला वाटतं. 1504 मध्ये फ्लॉरेन्सने पिसाचं पाणी तोडण्यासाठी आर्नो नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला होता, लिओनार्दोचा सल्ला घेऊन आणि मॅकियाव्हेलीच्या पत्रव्यवहारातून. पाऊस आला, कालव्याच्या कडा ढासळल्या, पैसा पाण्यात गेला. नदीला बांध घालता येतो म्हणणाऱ्याने नदी जुमानत नाही हेही डोळ्यांनी बघितलेलं होतं. त्यामुळे पुढचा मुद्दा अधिक झोंबतो. एकच स्वभाव एका काळात यश देतो, दुसऱ्या काळात नाश. पोप जुलियस नेहमी घिसाडघाईने झेप घेई आणि दर वेळी जिंकला, कारण काळ तसा होता. सावधपणाची गरज पडेल असा काळ येईपर्यंत जगला असता तर बुडाला असता, कारण माणसाला आपला स्वभाव बदलता येत नाही. म्हणजे पंचवीस प्रकरणं सल्ला देऊन झाल्यावर लेखक सांगतो की हा सल्ला घेऊ शकेल असा माणूस जवळजवळ नसतोच!

पुस्तक त्याने आधी जुलियानो मेदिचीला अर्पण करायचं ठरवलं, तो 1516 मध्ये वारल्यावर त्याच्या पुतण्याला, लोरेन्झोला. हेतू उघड होता: मला कामावर घ्या, दगड वाहायचं काम दिलंत तरी चालेल. मेदिचींनी दखल घेतली नाही. त्यांना नवलाई दुसऱ्याच गोष्टींची होती. 1514 च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या राजाने पोप लिओला हिंदुस्थानातून आलेला एक पांढुरका हत्ती भेट दिला, चारच वर्षांपूर्वी त्या राजाच्या सरदाराने गोवा काबीज केलं होतं. हान्नो नावाच्या त्या हत्तीने रोमला वेड लावलं, पोप त्याच्या प्रेमात पडला, कवींनी त्याच्यावर कविता केल्या. खेड्यात बसलेल्या माजी चिटणिसाचं हस्तलिखित तेव्हा ओळखीपाळखीच्यांत फिरत होतं.

पुढे त्याने लिव्हीवर मोठा ग्रंथ लिहिला, वडिलांच्या त्या सूचीचं ऋण फेडल्यासारखा, आणि त्यात तो स्वच्छ प्रजासत्ताकवादी दिसतो. त्यावरून दोन तट पडले ते आजवर आहेत. रूसोला वाटलं की ‘द प्रिन्स’ राजांना शिकवण्याचं सोंग घेऊन जनतेला राजे कसे असतात ते दाखवतं. मला हे थोडं सोयीस्कर वाटतं. नोकरी मागणारा माणूस इतका खोल उपरोध करत नसतो. पण राजाचं गुपित छापील पानावर आलं की ते फक्त राजाचं राहत नाही, एवढं रूसोचं खरं.

1527 च्या मे महिन्यात मेदिचींना पुन्हा हाकललं गेलं, प्रजासत्ताक परत आलं. मॅकियाव्हेलीने आशा धरली असणार, पण आता तो मेदिचींकडचा समजला जात होता. जागा दुसऱ्याला मिळाली. 21 जूनला तो वारला. पुस्तक छापलं गेलं त्यानंतर पाच वर्षांनी, 1532 मध्ये, रोममध्ये, खुद्द पोपच्या परवान्याने. तो पोप मेदिचीच होता. 1559 मध्ये त्याच रोमने लेखकाची यच्चयावत पुस्तकं निषिद्ध यादीत टाकली. इंग्लंडच्या रंगभूमीवर त्याच्या नावाचा खलपुरुष नाचू लागला.

पाश्चात्त्यांना ‘द प्रिन्स’हून कडक औषध माहीत नव्हतं ते विसाव्या शतकापर्यंत. म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चं हस्तलिखित आलं आणि 1909 मध्ये ते छापून निघालं, पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. 1919 मध्ये माक्स वेबरने म्युनिकच्या भाषणात शेरा मारला की कौटिल्याशेजारी ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी आहे. हे खरं, पण तुलना पुरती जुळत नाही. कौटिल्याकडे राज्यकारभाराची संपूर्ण यंत्रणा आहे, जकातीपासून हत्तीवनांपर्यंत. मॅकियाव्हेलीकडे आहेत ती माणसं, घाबरलेली, उतावळी, स्वतःच्या स्वभावात अडकलेली.

त्याला खोडून काढायचा सर्वांत नामांकित प्रयत्न प्रशियाच्या युवराज फ्रीडरिखने केला. राजा हा प्रजेचा पहिला सेवक, विश्वासघात आणि बळकावणं राजाला शोभत नाही, अशा मांडणीचा त्याचा ‘आंटी-माकियाव्हेल’ व्होल्तेअरच्या हातून तावूनसुलाखून 1740 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. तोवर लेखक गादीवर बसून चार महिने होत आले होते. डिसेंबरात, युद्ध न पुकारता, त्याने ऑस्ट्रियाच्या नव्या राणीच्या सायलेशिया प्रांतात सैन्य घातलं, तो घेतला, आणि शेवटपर्यंत सोडला नाही.